मेश्रामांचे देव किती?

विदर्भात एखाद्याने आपले आडनाव मेश्राम सांगितले की समोरचा हमखास विचारतो, "कोणते मेश्राम जी?" नागपूरपासून सिरोंचापर्यंत हा प्रश्न चालतो आणि त्याला गावाच्या नावाचे उत्तर पुरत नाही. विचारणाऱ्याला हवे असते ते वेगळेच. घर गोंडांचे, परधानांचे की बौद्धांचे? मराठी कवितेतही ही गल्लत होतेच. 'उत्खनन'चे केशव मेश्राम आणि 'उलगुलान'चे भुजंग मेश्राम हे एकमेकांचे भाऊबंद असावेत, असे समजणारा वाचक अधूनमधून भेटतो. एक दलित साहित्याच्या पहिल्या फळीतले, दुसरे आदिवासी कवितेतले. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर मात्र तीच तीन अक्षरे.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या गोंडांच्या दृष्टीने या तीन अक्षरांत एक आकडा दडलेला आहे. सोयरिकीची बोलणी सुरू झाली की शेती किती, पोरगा काय करतो, हे सगळे नंतर. आधी विचारायचे, "किती देवे?" मेश्राम सात देवांचे. आत्राम सहा देवांचे. सात देवांची जेवढी आडनावे तेवढी सगळी एकमेकांची भावंडे, त्यांच्यात लग्न होत नाही. मग मुलगी एटापल्लीची असो की राजुऱ्याची, दोन्ही घरांनी एकमेकांचे तोंड कधी पाहिलेले नसले तरी देवांचा आकडा जुळला की विषय तिथेच मिटतो. चार, पाच, सहा आणि सात देवांचे हे गट म्हणजे 'सगा'. याद्या मात्र प्रदेशागणिक बदलतात. एका तालुक्यात पाच देवांत बसणारे आडनाव पलीकडच्या तालुक्यात सहांत सापडते आणि त्यावरून जाणत्यांमध्ये रात्ररात्र वाद रंगतात. मध्य प्रांतातल्या जातिजमातींवर 1916 मध्ये मोठा ग्रंथ लिहिणाऱ्या रसेल आणि हिरालाल यांनाही हा घोळ पूर्ण सोडवता आला नव्हता.

अलीकडे कोया पुनेमच्या, म्हणजे गोंडी धर्माच्या चळवळीने हा हिशेब पुन्हा वर आणला आहे. गडचिरोलीत मोटारसायकलच्या पाटीवर, वहीच्या मुखपृष्ठावर, लग्नपत्रिकेच्या माथ्यावर नुसता '750' हा आकडा दिसतो. परगावचा माणूस त्याकडे गाडीचा नंबर म्हणून पाहतो. ते सगळ्या सगांतल्या एकूण गोत्रांचे परंपरेने मानलेले संख्यामान आहे. शेजारी 'जय सेवा' लिहिलेले असते.

ही विभागणी केली कुणी? पहांदी पारी कुपार लिंगोने, असे परंपरा सांगते. गुहेत कोंडलेल्या कोया बाळांना त्याने बाहेर काढले, त्यांचे गट पाडले, कुणी कुणाशी सोयरीक करायची ते ठरवून दिले. ती गुहा गोंदिया जिल्ह्यात सालेकसा तालुक्यातल्या कचारगडची, अशी आज श्रद्धा आहे. माघ पौर्णिमेला तिथे जत्रा भरते आणि गडचिरोलीहून गाड्या भरभरून माणसे जातात. या उत्पत्तिकथेत आडनाव आधी आणि गाव नंतर येते. मराठी मुलखात गावावरून आडनावे पडली, धंद्यावरून पडली. इथे देवांच्या वाटणीतून आडनाव आले, निदान सांगणाऱ्यांचे म्हणणे तरी तसे आहे.

लिंगोची ही कथा प्रथम कागदावर उतरली ती एका पाद्र्यामुळे. नागपूरचे रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांनी ती एका परधानाकडून लिहून घेतली. 1863 मध्ये हिस्लॉप नदीत बुडून वारले आणि मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी त्यांची कागदपत्रे 1866 मध्ये छापली. हिस्लॉप ज्या फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे होते ते 1843 मध्ये सरकारी चर्चमधून फुटून निघालेले, कॅल्व्हिनच्या शिकवणुकीचे. याच कॅल्व्हिनला मानल्याबद्दल फ्रान्समधले ह्यूगनॉट देशोधडीला लागले होते. त्यांची गोष्ट इथे काढण्याचे कारण आहे.

चौदाव्या लुईने ऑक्टोबर 1685 मध्ये प्रोटेस्टंटांना दिलेली मुभा काढून घेतली. त्यांची प्रार्थनामंदिरे पाडली, पाद्र्यांना हद्दपार केले, उरलेल्यांकडून आपला पंथ सोडल्याच्या सह्या घेतल्या. देश सोडून जायलाही बंदी होती, तरी दीड-दोन लाख माणसे सीमा ओलांडून निसटली. त्यांतली दोनशेच्या आसपास 1688 आणि 1689 मध्ये आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला उतरली. तिथल्या डच कंपनीने त्यांना मुद्दाम डच शेतकऱ्यांमध्ये विखरून वसवले. दोन-तीन पिढ्यांत घरातली फ्रेंच संपली, फ्रेंच प्रार्थना संपली. उरली ती आडनावे. आपल्याकडे क्रिकेट पाहणाऱ्या कुणालाही ती पाठ आहेत. डिव्हिलियर्स, डू प्लेसी. तीन डिव्हिलियर्स भाऊ 1689 मध्ये केपला आले आणि आज ते आडनाव तिथे जागोजागी आढळते. ते लावणारा चर्चला जातो की नाही, देव मानतो की नाही, याचा त्या अक्षरांवरून काहीही पत्ता लागत नाही.

ज्या श्रद्धेपायी घरदार सोडले ती निघून गेली आणि फक्त नाव टिकले, तर मग नावाने सांभाळले काय? ह्यूगनॉटांच्या वंशावळी जुळवणाऱ्या हौशी मंडळींना हा प्रश्न सहसा पडत नाही. मेश्रामांच्या बाबतीत तो टाळता येत नाही, कारण त्यांच्यातल्या एका शाखेचा देव आजही हजेरी घेतो.

तेलंगणाच्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या इंद्रवेल्ली मंडलात केसलापूर नावाचे गाव आहे. तिथला नागोबा हा मेश्राम कुळाचा देव. पौष अमावास्येच्या रात्री त्याची महापूजा होते. त्याआधी कुळातली माणसे अनवाणी चालत गोदावरीकाठच्या हस्तिनमडुगूला जातात आणि झारीत पाणी भरून तसेच चालत परत येतात. जाऊन-येऊन वाट दीडशे किलोमीटरच्या घरातली. परतल्यावर लगेच देवळात शिरायचे नाही. गावाबाहेरच्या वडाखाली काही दिवस मुक्काम करायचा. मडकी येतात ती सिरिकोंडाच्या ठरलेल्या कुंभारांकडून. स्वयंपाकाला चुली बावीस, कारण कुळाच्या शाखा बावीस मानलेल्या. कुणी कुठल्या चुलीवर शिजवायचे हे ठरलेले असते आणि ते तोंडपाठ असावे लागते.

त्या रात्रीतला सर्वांत महत्त्वाचा विधी सुनांचा. वर्षभरात लग्न होऊन आलेल्या, किंवा आल्या तरी देवापुढे उभ्या न राहिलेल्या सुना पांढरी लुगडी नेसून, डोक्यावरून पदर ओढून रांगेने बसतात. घरची वडीलधारी बाई एकेकीला नागोबापुढे नेते. याला 'भेटिंग' म्हणतात. ही भेट झाली की ती मेश्राम झाली. तोवर लग्न लागलेले असते, संसार सुरू असतो, लेकरूही झालेले असू शकते, पण कुळाच्या पूजेत तिला हात लावता येत नाही. तिचे माहेरचे देव चार असोत की सहा, आता सात. आडनावांचा इतिहास लिहिणारे, मग ते फ्रान्सचे असोत की विदर्भाचे, बापाकडून मुलाकडे गेलेली रेघ तेवढी मोजतात. दर पिढीला घर आणि देव सोडून दुसऱ्या देवाकडे स्थलांतर करते ती बाई, तिची नोंद वंशावळीत सापडायची नाही. केसलापूरला ती निदान उघडपणे, सगळ्यांदेखत होते.

देवाचे स्वरूपही ध्यानात घेण्यासारखे आहे. गोंड कुळाचा पेर्सा पेन, म्हणजे थोरला देव, भाल्याचे पाते, चवरी आणि घंटा यांच्या रूपात असतो. त्याला सांभाळणारा पुजारी कुळातलाच. माणूस मेला की ठरावीक विधी करून त्याला या देवात मिळवतात. म्हणजे मेश्रामांचे पूर्वज मेश्रामांच्या देवात जाऊन बसलेले आहेत. अशा देवावर विश्वास आहे का, हा प्रश्नच गैरलागू ठरतो. आज्यावर 'विश्वास' ठेवायचा असतो का? त्याचे देणे असते. पाणी आणायचे, चूल पेटवायची, सून दाखवायची.

गोंड राजवट मोठी होती तेव्हा या साऱ्याला राज्याची हद्द आडवी येत नव्हती. सिरपूर, बल्लारपूर, चंद्रपूर असा राजधानीचा प्रवास परंपरा सांगते. त्यातले सिरपूर आज तेलंगणात आहे. 1751 मध्ये नागपूरकर भोसल्यांनी चांद्याचे, म्हणजे चंद्रपूरचे राज्य घेतले, पुढे इंग्रज आले, तिकडे निजाम. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा चांदा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला आणि आदिलाबाद हैदराबादेतून आंध्रात गेला. पैनगंगा आणि प्राणहिता ओलांडून जाणाऱ्या मेश्रामांचा देव तेव्हाही परराज्यातच राहिला. त्यांनी त्याची फारशी फिकीर केलेली नाही. कुळाने स्वतः वर्गणी काढून केसलापूरला नवे दगडी मंदिर बांधले आणि 2022च्या डिसेंबरात त्याची प्रतिष्ठापना झाली. मराठी बोलणारे मेश्राम आणि तेलुगू बोलणारे मेसराम त्यासाठी एकत्र आले.

त्याच 1956च्या शरदात, राज्ये बदलण्याच्या पंधरवडाभर आधी, चंद्रपुरात दुसरी घटना घडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 14 ऑक्टोबरला नागपुरात धम्मदीक्षा दिली आणि 16 ऑक्टोबरला ते चंद्रपूरला आले. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांचे हे गाव. तिथेही हजारोंनी दीक्षा घेतली, बावीस प्रतिज्ञा म्हटल्या. ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव मानणार नाही, राम-कृष्णांची उपासना करणार नाही, श्राद्ध-पिंडदान करणार नाही. त्या गर्दीत खोब्रागडे होते, रामटेके होते, वासनिक होते, गेडाम होते आणि मेश्रामही होते. त्यांच्यातल्या बहुतेकांनी देव सोडले, आडनाव ठेवले.

बौद्ध मेश्राम आणि गोंड मेश्राम यांचा मूळपुरुष एकच, असे यावरून कुणी ठरवू नये. शेजारी राहणाऱ्या समाजांत आडनावे इकडून तिकडे गेल्याची उदाहरणे विदर्भात भरपूर आहेत. परधानांची आडनावे तर त्यांच्या गोंड यजमानांचीच असतात. किंगरीवर कुळकथा गाणारे परधान ज्या कुळाचे गायक त्या कुळाचे नाव लावतात. नाव सारखे म्हणून रक्त सारखे, ही उडी फार घाईची.

खरी मौज पुढे आहे. या एकाच आडनावाखाली धर्माच्या दोन अगदी निरनिराळ्या कल्पना नांदतात. बौद्ध मेश्रामांचा धर्म प्रतिज्ञेचा. आजोबांनी 1956 मध्ये उभे राहून, समजून, तोंडाने उच्चारून तो घेतला. घेतला म्हणून तो त्यांचा. या अर्थाने त्यांचे नाते ह्यूगनॉटांशी लागते, कारण तिथेही मनाची कबुली हाच धर्म आणि राजाने सही मागितली तीही त्याच कबुलीवर. गोंड मेश्रामांचा धर्म कबुलीचा नाही. सात देवे माणूस रागावून सहा देवे होऊ शकत नाही, जसा कुणी आपला काका बदलू शकत नाही. तो देवाला शिव्या घालील, दहा वर्षे केसलापूरला फिरकणार नाही, तरी सात देवेच राहील आणि त्याच्या मुलीला सात देव्यांत देता येणार नाही. एका ठिकाणी धर्म माणूस धरतो, दुसऱ्या ठिकाणी धर्म माणसाला धरतो. यांतला कुठला खरा, याचा निवाडा पोथ्यांतून करायला गेले की पहिल्याच प्रकारचा विजय होतो, कारण पोथ्या त्याच्याच असतात.

आणखी काही आडनावे या जंगलात आली, तीही धर्मापायी परागंदा होऊन. 1964च्या जानेवारीत पूर्व पाकिस्तानात दंगली उसळल्या आणि तिथल्या हिंदूंचे लोंढे भारतात आले. त्यातल्या अनेकांना तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात वसवण्यात आले. आज चामोर्शी, मुलचेरा भागात त्यांची गावे आहेत. चंद्रपूर शहरातला 'बंगाली कॅम्प' तर रिक्षावाल्यालाही सांगावा लागत नाही. ह्यूगनॉटांशी खरी तुलना व्हावी ती यांची. पण त्यांची आडनावे पाहा. मंडल, विश्वास. बंगालात ही आडनावे हिंदूही लावतात, मुसलमानही लावतात. ज्या धर्मावरून गाव सुटले तो धर्म त्या आडनावात कुठेच लिहिलेला नाही. त्यांतले पुष्कळ जण नमःशूद्र. हरिचांद ठाकूर आणि त्यांचे पुत्र गुरुचांद यांचा मतुआ पंथ मानणारे. मुलचेऱ्याकडे डंका वाजवत, लाल निशाण नाचवत मतुआंचा मेळा निघतो तेव्हा ते कोण आहेत हे कळते, आडनावावरून कळत नाही. पश्चिम बंगालात नमःशूद्र अनुसूचित जातीत आहेत. महाराष्ट्राच्या यादीत ते नाव नाही, म्हणून इथे त्यांची मागणी वर्षानुवर्षे चालू आहे.

सरकारला मात्र आडनाव आवडते. फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेने 1790 मध्ये कायदा केला की धर्मापायी परागंदा झालेल्यांचा कुठलाही वंशज, कितीही पिढ्यांचा असो, परत येऊन शपथ घेईल तर तो फ्रेंच. वंश मात्र सिद्ध करून द्यायचा. हा कायदा 1945 पर्यंत टिकला. पणजोबांच्या पणजोबांनी श्रद्धेसाठी देश सोडला, याचे फळ कदाचित चर्चचे तोंडही न पाहिलेल्या पणतूला मिळू शकत होते.

आपल्याकडे उलट घडले. बौद्ध मेश्रामांनी श्रद्धा बदलली आणि केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत त्यांना जागा मिळायला 1990 उजाडले. चौतीस वर्षे त्यांनी धर्म निवडल्याची किंमत मोजली. गोंड मेश्रामांपुढचा पेच वेगळा. अनुसूचित जमातीला धर्माची अट नाही, गोंड ख्रिस्ती झाला तरी गोंडच. पण जमातीचा दाखला तपासताना 1994च्या माधुरी पाटील खटल्यातल्या निकालानुसार दक्षता पथकाने दैवते, विधी, लग्नाची रीत, अंत्यसंस्कार यांची चौकशी करायची असते. म्हणजे धर्म विचारायचा नाही, पण देव विचारायचे! नागपुरात वाढलेल्या, इंग्रजी शाळेत शिकलेल्या मुलाला देव किती हे सांगता आले नाही तर काय, हा प्रश्न यातून अनेक वर्षे लोंबकळत राहिला. 24 मार्च 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी ठाकूर जमातीच्या प्रकरणात स्पष्ट केले, की अशी साधर्म्य चाचणी निर्णायक कसोटी धरता येणार नाही. निकाल योग्यच आहे. विस्मृती हा खोटेपणाचा पुरावा नसतो. ज्यांना देव पाठ आहेत त्यांनाच खरे म्हणायचे, तर दोन-तीन पिढ्यांत फ्रेंच विसरलेल्या घरातला प्रत्येक डिव्हिलियर्स खोटा ठरेल.

पण निकालाने एक बाजू मोकळी झाली तरी दुसरी तशीच आहे. किंगरीवर कुळकथा सांगणारे परधान म्हातारे होत आहेत. मोतीरावण कंगाली, व्यंकटेश आत्राम यांच्यासारख्या अभ्यासकांनी बरेच लिहून ठेवले, तरी छापलेली यादी आणि गावातल्या म्हाताऱ्याची यादी पुष्कळदा जुळत नाही. अशा वेळी छापील ते प्रमाण मानण्याची सवय आपल्याला लागली आहे. लिंगोची कथा पाद्र्याने छापली म्हणून ती खरी झाली नव्हती, आणि कुणी छापली नाही म्हणून गावची यादी चुकीची ठरत नाही.

2011च्या जनगणनेत सुमारे दहा लाख लोकांनी धर्माच्या रकान्यात गोंड किंवा गोंडी लिहवले. सहा मोठ्या धर्मांच्या पलीकडचे म्हणून ते 'इतर' या सदरात मोजले गेले. पुढच्या जनगणनेची संदर्भतारीख 1 मार्च 2027 ठरली आहे. प्रगणक दारात आला, आडनाव ऐकले आणि पुढचा रकाना न विचारताच भरू लागला, तर त्याला थांबवावे. मेश्राम असाल, आत्राम असाल, गेडाम किंवा मंडल असाल, धर्म कोणता ते आपल्या तोंडाने सांगावे. सांगितलेले जसेच्या तसे लिहिणे त्याच्यावर बंधनकारक आहे.